बारा तारांचा ताण

तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारांना गाणारी मंडळी जोडी म्हणतात. दोन्ही तारा एकाच षड्जात लावायच्या आणि शेवटची खर्जाची तार त्यांच्याहून बरोबर एक सप्तक खाली. या तीन तारा नीट मिळाल्या की खोली नादाने भरून जाते. बारा तारांची अकूस्टिक गिटार याच दोन नात्यांवर उभी आहे. काही जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुरात असतात, तर काहींत त्या एकमेकींपासून सप्तकभर दूर असतात.

तारा बारा असल्या तरी वाजवणाऱ्याच्या बोटांना त्या सहाच वाटतात. जोडीतल्या दोन तारा इतक्या जवळ असतात की एकाच बोटाखाली दोन्ही दाबल्या जातात. खालच्या सुरांच्या चार जोड्यांत एक जाड तार असते आणि तिच्या शेजारी एक सप्तक वर लावलेली बारीक तार. उरलेल्या दोन जोड्यांत दोन्ही तारा सारख्याच जाडीच्या, एकाच सुरात. आता एकाच सुरातल्या दोन तारा कितीही काळजीने मिळवल्या तरी त्यांत केसभर फरक राहतोच. एक तार सेकंदाला ३३० वेळा कंप पावत असेल आणि दुसरी ३३१ वेळा, तर आवाज दर सेकंदाला एकदा उचलतो आणि ओसरतो. बारा तारांवरून हात फिरवला की असे बारीक हेलकावे एकाच वेळी अनेक जोड्यांत सुरू होतात. दोन-तीन गिटारी एकत्र वाजत असल्याचा भास होतो तो त्यामुळे.

या नादाच्या प्रेमात पडून जुनी बारा तारांची गिटार घेणारे लोक यवतमाळसारख्या जिल्ह्यातही असू शकतात. कुणाला ती घरातल्या मोठ्यांकडून मिळते, कुणी मुंबई-पुण्याहून सेकंडहँड आणतो. पण ती बाळगायची तर एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. या वाद्याचं सौंदर्य आणि त्याची दुखणी एकाच ठिकाणाहून येतात, ते म्हणजे तारांचा ताण. विदर्भाच्या हवेत तर हा ताण सांभाळणं हेच मालकाचं मुख्य काम आहे.

स्टेला, लेड बेली आणि मुंबईचे स्टुडिओ

जोडतारा गिटारला नव्या नाहीत. सतराव्या शतकातल्या युरोपातल्या गिटारला तारांच्या पाच जोड्या असत. १८०० च्या सुमारास सहा सुट्या तारांची गिटार रुळली आणि जोड्या मागे पडल्या. मेक्सिकोत मात्र बाहो सेक्स्तोसारख्या वाद्यांत बारा तारा टिकून राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला अमेरिकेत बारा तारांच्या गिटारी दिसू लागल्या. न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीची ऑस्कर श्मिट कंपनी स्टेला नावाने अशा गिटारी बनवायची. त्या स्वस्त होत्या आणि त्यांचा आवाज मोठा होता. रस्त्यावर, बाजारात, ध्वनिक्षेपकाशिवाय गाणाऱ्याला याहून वेगळं काय हवं असणार?

अटलांटाच्या ब्लाइंड विली मॅकटेल यांनी या गिटारवर ब्लूज वाजवलं. पण तिचं नाव कायमचं जोडलं गेलं ते हडी लेडबेटर ऊर्फ लेड बेली यांच्याशी. १९३३ मध्ये लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात गेले. कैद्यांची गाणी ध्वनिमुद्रित करताना त्यांना लेड बेली भेटले. पुढच्याच वर्षी लेड बेली सुटले आणि १९४९ मध्ये निधन होईपर्यंत बारा तारांच्या गिटारचे राजे म्हणून ओळखले गेले. जुन्या गिटारीच्या मालकाने त्यांची एक सवय लक्षात ठेवण्याजोगी आहे. ते आपली स्टेला नेहमीच्या पट्टीपेक्षा बरीच खाली लावत. त्यामुळे आवाजाला खोल गाज मिळे आणि लाकडावरचा भारही हलका होई.

१९६३ मध्ये रूफटॉप सिंगर्स या त्रिकुटाचं ‘वॉक राइट इन’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्यात बारा तारांच्या गिटारी ठळक ऐकू येतात. पुढच्याच वर्षी बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांच्या हाती रिकनबॅकरची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार आली आणि हा नाद जगभर पसरला. गिब्सन, मार्टिन, गिल्ड या अमेरिकी कंपन्यांच्या त्या दशकातल्या अकूस्टिक गिटारी आज जुन्या वाद्यांच्या बाजारात मानाने विकल्या जातात. १९७५ च्या ‘विश यू वर हिअर’ या पिंक फ्लॉइडच्या गाण्याची सुरुवात डेव्हिड गिल्मर यांनी मार्टिनच्या बारा तारांच्या गिटारवर केली होती. २०१९ मध्ये ती लिलावात पाच लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात गिटारला मान मिळवून देणाऱ्यांत भूपिंदर सिंग यांचं नाव अग्रभागी आहे. ‘दम मारो दम’, ‘चिंगारी कोई भडके’, ‘चुरा लिया है तुमने’ या राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत त्यांची गिटार आहे, आणि गझलेच्या साथीलाही त्यांनीच गिटार आणली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदात प्यारेलाल यांचे भाऊ गोरख शर्मा मँडोलिन, रबाब, बेस गिटार यांच्या जोडीला बारा तारांची गिटारही वाजवत. रेडिओवर ही गाणी ऐकत वाढलेल्या मराठी घरांनी वाद्याचं नाव माहीत नसतानाही त्याचा आवाज ऐकलेला आहे.

गोव्यात तर बारा तारांची आणखी एक, अगदी वेगळी परंपरा आहे. फादो या पोर्तुगीज गानप्रकाराच्या साथीला वाजते ती पोर्तुगीज गिटार. तिचं पोट नाशपातीच्या आकाराचं, तारा पोलादी आणि बारा, सहा जोड्यांत लावलेल्या. खालच्या तीन जोड्या सप्तकाच्या अंतरावर, वरच्या तीन एकाच सुरात. तिच्या खुंट्या डोक्यावर पंख्यासारख्या पसरलेल्या असतात आणि स्क्रूने फिरतात. अठराव्या शतकात इंग्लंडहून पोर्तुगालला पोचलेल्या एका जोडतारी वाद्याशी तिचं नातं सांगितलं जातं. फादोला २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. सोनिया शिरसाट यांच्यासारख्या गायिकेमुळे हे गाणं गोव्यात आजही रंगमंचावर आहे, आणि त्याच्यासोबत त्या बारा तारांचा आवाजही.

क्विंटलभर ओढ

सहा तारांच्या अकूस्टिक गिटारवर नेहमीच्या जाडीच्या तारा नेहमीच्या पट्टीत लावल्या तर त्यांची एकूण ओढ साधारण ७५ किलोच्या घरात जाते. बारा तारांचा हलका संच त्याच पट्टीत लावला की हा आकडा ११० किलोच्या पुढे जातो. यवतमाळच्या कापूस बाजारात क्विंटलभर कापूस ज्याने उचलून पाहिला असेल, त्याला या वजनाची कल्पना येईल. इतकी ओढ अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या लाकडी तक्त्यावर रात्रंदिवस पडत असते. वर्षानुवर्षं.

त्याचे परिणाम ठरलेले आहेत. तारा जिथे अडकवतात ती घोडी पुढे कलते, तिच्या मागचा तक्ता फुगतो, पुढचा दबतो. मान हळूहळू वर उचलली जाते आणि तारा बोटपट्टीपासून दूर जातात. मग तार दाबायला जोर लागतो, बोटं दुखतात, सूरही चढतो. शेवटी घोडीचा मागचा काठ डिंकातून सुटू लागतो. जुन्या स्वस्त गिटारीचा असा शेवट अनेकदा झाला आहे.

यावर उपाय सोपा आहे. लेड बेलींसारखं खाली लावायचं. सगळ्या तारा एक पूर्ण स्वर, म्हणजे दोन पडदे खाली उतरवल्या की ओढ सुमारे २० टक्क्यांनी कमी होते. मूळ पट्टीत वाजवायचं असेल तर दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला की काम झालं. अनेक जाणकार जुनी बारा तारांची गिटार कायम अशीच ठेवतात. महिनाभर वाजवायची नसेल तर तारा आणखी सैल कराव्यात, पण पूर्ण सोडू नयेत. ओढ अजिबात नसली तर मान दुसऱ्या बाजूला वाकण्याचा धोका असतो.

मे महिना आणि कूलर

गिटारच्या लाकडाला हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान आवडते. यवतमाळ जिल्ह्यात वर्षातले फार थोडे आठवडे अशी हवा असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, दुपारची हवा पार कोरडी होते. लाकडातलं पाणी उडतं, तक्ता आकसतो. पडद्यांच्या तारेची टोकं बोटपट्टीच्या कडेबाहेर येऊन हाताला बोचू लागतात. कोरडेपणाची ही पहिली खूण. तरीही दुर्लक्ष झालं तर तक्त्याला उभी चीर जाते. मग जून-जुलैत पाऊस लागतो. सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या या पावसात तेच लाकूड पाणी पिऊन फुगतं, तक्ता वर येतो, तारा उंच होतात. सहा तारांची गिटार हे चढउतार बऱ्यापैकी सोसते. बारा तारांच्या गिटारवर आधीच भार जास्त असल्याने तिला ते सोसणं कठीण जातं.

विदर्भातल्या घरात त्यात कूलरची भर पडते. वाळ्याची ताटी किंवा गवत लावलेल्या कूलरचा वारा थंड आणि ओला असतो. दिवसभर रखरखीत खोलीत असलेली गिटार रात्री त्या वाऱ्याच्या झोतात आली की काही तासांत लाकडाला दोन टोकं सोसावी लागतात. म्हणून गिटार कूलरच्या समोर, खिडकीत किंवा टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवू नये. जाड, टणक पेटीत, घराच्या आतल्या भिंतीशी ठेवावी. पेटीत आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र ठेवावं, ते काहीशे रुपयांत मिळतं. उन्हाळ्यात साबणाच्या भोकं पाडलेल्या डबीत ओला, चांगला पिळलेला स्पंज ठेवला तरी चालतो. फक्त पाणी ठिबकता कामा नये. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. पेटी जमिनीवर ठेवली तर वाळवीची शक्यता असते, म्हणून ती लाकडी पाटावर किंवा कपाटात असावी.

लाकडाच्या बाबतीत आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. यवतमाळच्या जंगलांची ओळख सागवानाची, पण गिटार बनवणाऱ्यांची नजर असते ती शिसवावर. १९६९ मध्ये मार्टिन कंपनीने आपल्या अनेक गिटारींच्या बाजू आणि पाठीसाठी ब्राझीलचं शिसव सोडून भारतीय शिसव वापरायला सुरुवात केली. तेव्हापासून जगातल्या कितीतरी नामांकित गिटारींची पाठ भारतीय जंगलातली आहे. ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक बंदी आहे. भारतीय शिसवही २०१७ मध्ये नियंत्रित यादीत आलं, मात्र २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. परदेशातून फार जुनी गिटार मागवणाऱ्याने तिचं लाकूड कोणतं हे आधी विचारून घ्यावं.

जुनी गिटार तपासताना

१९९१ पर्यंत परदेशी वाद्यं भारतात सहज येत नसत. त्यामुळे देशात सापडणाऱ्या जुन्या गिटारींत कोलकात्याच्या गिव्हसन, हॉबनर यांसारख्या नावांची गर्दी दिसते. मुंबईत धोबी तलावाजवळ १८६५ पासून चालत आलेल्या फुर्तादोसारख्या दुकानांतून परदेशी वाद्यंही काही घरांत पोचली. १९६६ मध्ये सुरू झालेल्या यामाहाच्या एफजी मालिकेतही बारा तारांची मॉडेलं होती. जपानमध्ये बनलेल्या या लाल लेबलच्या जुन्या गिटारी आजही जाणकार शोधत असतात. नाव कोणतंही असो, विकत घेण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, घोडी. साध्या कागदाचा तुकडा घोडीच्या मागच्या काठाखाली सरकवून पाहावा. तो आत गेला तर घोडी सुटू लागली आहे. दुसरी, तक्त्याचा फुगवटा. पोलादी पट्टी घोडीच्या मागे आडवी ठेवावी. थोडा फुगवटा बारा तारांच्या गिटारला असतोच, मात्र पट्टी दोन्ही बाजूंनी स्पष्ट डुलत असेल तर सावध व्हावं. तिसरी, मानेचा कोन. लांब पट्टी पडद्यांवर सरळ ठेवून घोडीपर्यंत न्यावी. तिचं टोक घोडीच्या माथ्याला टेकलं तर मान ठीक आहे. घोडीच्या बऱ्याच खाली आदळलं तर मान उचलली गेली आहे. चौथी, खुंट्या. बाराच्या बारा फिरवून पाहाव्यात. एक जरी अडत असेल तरी ही गिटार सुरात लावणं अशक्य होतं.

मानेच्या आतली पोलादी सळई फक्त मानेचा बाक सुधारते, तिचा कोन सुधारत नाही. ही सळई गिब्सनने १९२० च्या दशकात गिटारमध्ये आणली. अनेक विक्रेते ‘सळई थोडी आवळली की होईल’ असं सांगतात, ते बाकाबद्दल खरं असू शकतं. कोन बिघडला असेल तर मान सांध्यातून सोडवून पुन्हा बसवावी लागते. त्यासाठी वाफेने डिंक सैल करावा लागतो. हे काम सुताराचं नाही, गिटारच्याच कारागिराचं आहे आणि त्याचा खर्च बऱ्याचदा स्वस्त गिटारच्या किमतीपेक्षा जास्त येतो. म्हणून मानेचा कोन हाच सौद्याचा मुख्य मुद्दा समजावा.

हाती आल्यावर

बारा तारा मिळवायला वेळ लागतो आणि तो वेळ हा वाजवण्याचाच भाग मानावा. गिटारच्या डोक्यावर चिमट्याने लागणारा ट्यूनर सोबत असला की काम सोपं होतं. प्रत्येक जोडीत आधी एक तार बोटाने दाबून शांत करावी आणि दुसरी, जाड असेल ती, सुरात लावावी; मग शांत केलेली तार तिच्याशी जुळवावी. तार नेहमी खालून वर चढवत सुरात आणावी. वरून उतरवून आणली तर ती थोड्याच वेळात घसरते. जी सुराच्या जोडीतली बारीक तार हे या वाद्याचं सर्वात नाजूक ठिकाण. ती सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीची असते आणि सर्वात वरच्या ई तारेपेक्षाही उंच सुरात लागते. सर्वांत आधी तीच तुटते. तिच्या दोन-तीन तारा वेगळ्या घेऊन ठेवाव्यात आणि ती चढवताना चेहरा गिटारवर झुकवू नये.

तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नयेत. एक जोडी काढावी, नवी लावावी, मग पुढच्या जोडीकडे जावं. त्यामुळे क्विंटलभर ओढीचा झटका लाकडाला बसत नाही. त्याच वेळी बोटपट्टी कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्यावी. जुन्या गिटारीला नेहमी हलका संच लावावा. आवाज किंचित कमी होईल, पण घोडी जागेवर राहील.

बोटांची सवय व्हायला काही आठवडे लागतात. दोन तारा एका बोटाखाली दाबायच्या असल्याने सुरुवातीला आवाज खरखरतो. उघड्या तारांचे सोपे कॉर्ड आधी घ्यावेत, सगळ्या तारा एका बोटाने दाबायचे कॉर्ड नंतर. भजनाच्या किंवा भावगीताच्या साथीला तर आणखी सुंदर उपाय आहे. तारा डी, ए, डी, जी, ए, डी अशा सुरांत लावल्या की डी षड्ज मानून खालून वर सा-प-सा-म-प-सा असा संवाद तयार होतो. १९६० च्या दशकात इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहम यांनी ही जुळणी लोकप्रिय केली. बारा तारांवर ती लावली की नुसत्या उघड्या तारांवरूनही गाणाऱ्याला भक्कम आधार मिळतो, आणि तीन जोड्या नेहमीपेक्षा खाली उतरल्याने लाकडाचा भारही थोडा कमी होतो. हार्मोनियम आणि तबल्याच्या जोडीला असं वाद्य ठेवून पाहण्यासारखं आहे.

यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा, कुठल्याही गावात एखाद्या माळ्यावर अशी जुनी गिटार पेटीत पडून असेल तर ती या उन्हाळ्याआधी बाहेर काढावी. घोडी आणि मान वर सांगितल्याप्रमाणे तपासावी, तारा गंजल्या असतील तर हलका संच घालावा, दोन पडदे खाली लावावी आणि पेटीत आर्द्रतेचं यंत्र ठेवावं. एवढं झालं की ती रोज, निदान पंधरा मिनिटं, हातात घ्यावी. वापरात असलेल्या गिटारीचा बिघाड वाजवणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो. बंद पेटीतली गिटार मात्र कुणाच्या नकळत वाकत जाते आणि जेव्हा ते दिसतं तेव्हा दुरुस्तीचा खर्च परवडण्यासारखा राहिलेला नसतो.